देव न मानणाऱ्यांचा ईस्टर: नॉर्वेत तो कसा करतात आणि आपण त्यात कसं उतरावं

नॉर्वेत नव्याने आलेली मराठी मंडळी दर वसंतात हेच म्हणतात: "हे लोक चर्चला जात नाहीत, मग ईस्टर म्हणजे यांना नुसती सुट्टी." मला हे मुळीच पटत नाही. इथल्या अश्रद्ध माणसाच्या ईस्टरला ठरलेलं खाणं आहे, ठरलेलं वाचन आहे, ठरलेली वाट आहे आणि वाटेचे छापील नियमही आहेत. फक्त प्रार्थना नाही. म्हणून त्याला पोकळ म्हणणं चूक आहे.

2012 मध्ये राज्यघटना बदलून लुथेरन या ख्रिस्ती पंथाचा राजधर्म म्हणून दर्जा काढला गेला. त्याच्या कितीतरी आधीपासून, 1956 पासून, इथे ह्युमन-एटिस्क फोरबुंड ही निधर्मी लोकांची संघटना आहे आणि तिचे सदस्य लाखाच्या वर आहेत. मुलांचा निधर्मी कन्फर्मेशन, म्हणजे वयात येण्याचा, समारंभ तर 1951 पासून होतो. म्हणजे देवाशिवाय सण आणि संस्कार साजरे करण्याची इथे पिढ्यांची सवय आहे.

आधी बाजारहाट. गुरुवार, शुक्रवार, रविवार, सोमवार सार्वजनिक सुट्टी, दुकानं बंद. मधल्या शनिवारी ती उघडतात, पण लवकर मिटतात. शंभर चौरस मीटरपेक्षा लहान किराणा दुकानांना सुट्टीतही परवानगी असते, तिथे दूध-पाव मिळतो, भाव मात्र चढे. तेव्हा बुधवारच्या आत सामान भरा. संत्री भरपूर घ्या. ईस्टरला संत्रं हवंच. त्याबरोबर क्विक लुन्श, म्हणजे चार कांड्यांचं 47 ग्रॅमचं वेफर-चॉकलेट, जे 1937 पासून खास सहलीसाठी विकलं जातं. मुलांसाठी पुठ्ठ्याचं, मधोमध उघडणारं अंडं आणून त्यात सुट्या गोळ्या-चॉकलेटं भरायची.

वाचन म्हणजे गुन्हेकथा. 1923 साली ईस्टरच्या तोंडावर एका प्रकाशकाने वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर 'बर्गनची गाडी रात्री लुटली' अशी जाहिरात दिली. ती पुस्तकाची होती, पण अनेकांनी खरी बातमी समजून वाचली आणि पुस्तक धडाक्यात खपलं. तेव्हापासून ईस्टर आला की खुनाच्या गोष्टी छापायच्या, रेडिओ-टीव्हीवर लावायच्या, हे ठरून गेलं. आपल्याकडे 1909 मध्ये 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला आणि फराळाशेजारी वाचन येऊन बसलं, तसंच हे. दिवाळी अंक वाचायला पूजा केलेली असावी लागते का?

आता डोंगर. सगळे नॉर्वेजियन ईस्टरला डोंगरात जात नाहीत, बरेच जण घरीच असतात. पण या देशात सुट्टीच्या केबिन्स चार लाखांहून जास्त आहेत आणि ईस्टरची कल्पना सगळ्यांच्या मनात तीच असते: दिवसा स्कीवर, दुपारी उन्हाकडच्या भिंतीला पाठ लावून संत्रं, रात्री पत्ते, यात्झी हा फाशांचा खेळ आणि गुन्हेकथा.

नवख्याची पहिली फजिती होते स्कीच्या तळाला पकडीसाठी लावायच्या मेणापायी. ईस्टरचा बर्फ जुना असतो. दिवसा वितळतो, रात्री गोठतो, त्याचे कण गोल आणि टणक होतात. जानेवारीतलं निळं मेण त्यावर काही मिनिटांत घासून जातं आणि चढावर पाय मागे घसरतात. इथे ट्यूबमधलं चिकट क्लिस्टर लागतं. ट्यूब आधी कोमट करा. टाचेच्या जागेपासून पुढे साठ-सत्तर सेंटिमीटर पट्ट्यातच लावा, अंगठ्याने पातळ पसरा. मग स्की पंधरा-वीस मिनिटं बाहेर गार होऊ द्या. उबदार खोलीतून थेट बर्फावर टाकल्या तर क्लिस्टर बर्फ धरतं आणि तळाला ढेकळं चिकटतात. जाड थर दिला तरी तेच. ज्यांना हा खटाटोप नको त्यांनी मधल्या पट्ट्यात मोहेअर, म्हणजे बर्फ पकडणारी केसाळ पट्टी, बसवलेल्या स्की भाड्याने घ्याव्यात. शून्य अंशाच्या आसपास ताजा ओला बर्फ पडला की मोहेअरवरही बर्फ धरतो, म्हणून त्याचा फवारा खिशात असू द्या.

कपड्यांत सुती काही नको. बनियनसुद्धा नाही. सूत घाम धरून ठेवतं आणि थांबलात की अंग गार पडतं. अंगालगत लोकर, वरून वारा अडवणारं जाकीट, पिशवीत कोरडे हातमोजे आणि जाड स्वेटर. जीन्स घरी ठेवा. उन्हाला तर कमी लेखूच नका: बर्फ बरंचसं ऊन परत वर फेकतो, त्यामुळे हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेला कातडी भाजते. सनस्क्रीन तिथेही लावा. गॉगलशिवाय दिवस काढला तर संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पाणी येतं, उजेड सोसत नाही.

केबिनमध्ये नळ नसेल तर बर्फ वितळवायचा. रिकाम्या भांड्यात बर्फ भरून चुलीवर ठेवला की तळ करपतो आणि पाण्याला जळका वास येतो, म्हणून तळाशी पेलाभर पाणी आधी घाला. दहा लिटरच्या भांड्यातून ताज्या भुसभुशीत बर्फाचं जेमतेम लिटरभर पाणी होतं, जुन्या दाबल्या गेलेल्या बर्फाचं तीन-चार लिटर. वरचा थर बाजूला करून खालचा बर्फ घ्या, तोही शौचकूपापासून लांबचा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे का हे चूल पेटवण्याआधी बघा.

नियमांबद्दल मी आग्रहाने बोलणार. 1967 च्या ईस्टरमध्ये इथल्या डोंगरांत 18 माणसं दगावली. त्यानंतर रेड क्रॉस आणि डीएनटी या पर्यटन संघटनेने डोंगरनियम घराघरात पोहोचवले. 2016 मध्ये ते सुधारले. आज नऊ आहेत, क्विक लुन्शच्या वेष्टणाच्या आतल्या बाजूलाही छापलेले असतात. आठवा सांगतो: वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही. चर्चची पायरी न चढलेली माणसंही हे वाक्य मुलांकडून पाठ करून घेतात. वापरायचं असं: डीएनटीच्या हिवाळी वाटांवर ईस्टरआधी बर्चच्या फांद्या रोवतात. धुकं किंवा वारा आला आणि पुढची फांदी दिसेना, तर अंदाजाने पुढे जायचं नाही. मागची दिसते आहे तोवर मागे फिरायचं. तीस अंशांहून तिरक्या उताराखालूनसुद्धा जायचं नाही, हिमप्रपात वरून येतो. फावडं आणि दोघा-तिघांना आत बसता येईल अशी वारा अडवणारी पिशवी सोबत हवी. रुग्णवाहिकेला 113, पोलिसांना 112.

काही निधर्मी मित्र म्हणतात, श्रद्धा नाही तर चर्चच्या सुट्ट्या तरी कशाला ठेवायच्या. मी विरोधात आहे. डेन्मार्कने ईस्टरनंतरच्या चौथ्या शुक्रवारची प्रार्थनादिनाची सुट्टी 2024 पासून रद्द केली, संरक्षणखर्चासाठी. त्याविरुद्ध 2023 मध्ये कोपनहेगनमध्ये हजारो लोक उतरले, कामगार संघटना पुढे होत्या. ती माणसं प्रार्थनेसाठी भांडत नव्हती. सगळ्यांना एकाच दिवशी मोकळीक मिळते म्हणून आजी, नातवंडं, शेजारी एका छताखाली येतात. प्रत्येकाला सोयीच्या तारखेला पाच दिवस रजा दिली तर ते होत नाही.

आपल्या लोकांनी एकदम हार्डांगरविद्दाचं मोठं डोंगरपठार पार करायला जाऊ नये. लिलेहामरजवळ शुशोएनला यंत्राने आखलेल्या सोप्या वाटा आहेत, मुलांना जमतात. बर्फाचं मोकळं पठार नुसतं बघायचं असेल तर बर्गन रेल्वेने 1222 मीटरवरच्या फिन्सेला उतरा, तिथे मोटारीचा रस्ताच नाही. थर्मासमध्ये चहा, डब्यात शेंगदाण्याचे लाडू. ते थंडीत चांगले टिकतात आणि मागितले जातात.

तारीख बघून तयारी करा. 21 मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, त्यामुळे तो महिनाभर मागेपुढे होतो. 2027 मध्ये तो 28 मार्चला आहे: थंडी बऱ्यापैकी असेल, निळं मेणही सोबत घ्या. 2028 मध्ये 16 एप्रिल, तेव्हा क्लिस्टरच. आणि 15 एप्रिलपासून जंगलात किंवा जंगलालगत शेकोटीला बंदी सुरू होते, म्हणजे त्या वर्षी सॉसेज भाजायचे असतील तर शुक्रवारपर्यंत भाजून घ्या, किंवा झाडांपासून दूर भरपूर बर्फावर, आग लागण्याची शक्यताच नसेल अशा जागी.