विमान १५ तारखेचं, निघायचं १४ ला

टुरिझमची पदवी घेऊन मुलाखतीला येणाऱ्यांना मी एक कागद देते. ग्रुप टूरची आयटिनररी, मुद्दाम पेरलेल्या तीन चुकांसह. विमान १५ तारखेचं, ००:२० चं. आणि एअरपोर्टवर जमायचं १५ च्या रात्री नऊला. म्हणजे विमान जाऊन वीस तास उलटलेले! दुसरी : उतरायचं लंडनच्या हीथ्रोला, पुढचं विमान अडीच तासांनी, तेही लंडनच्याच दुसऱ्या विमानतळावरून, गॅटविकहून. तिसरी : युरोपातल्या शेंगेन देशांमधून परतल्यावर जेमतेम महिनाभर चालेल असा एकाचा पासपोर्ट. तिथे किमान तीन महिने लागतात.

गेल्या महिन्यात एका मुलीनं तो कागद वाचला आणि म्हणाली, "छान आहे, मॅडम." मग तिनं पर्यटनाचे अभ्यासक बटलर यांचं १९८० चं मॉडेल समजावलं. एखादं ठिकाण कसं सापडतं, फुगतं, तुंबतं, याचा आलेख काढून. सुरेख काढला, खोटं का बोलू.

हा किस्सा आमच्या धंद्यात कुणालाही सांगा, उत्तर ठरलेलं : कॉलेजात काही शिकवत नाहीत. मीही वर्षानुवर्षं हेच बोलत आले. आता बोलताना जीभ अडखळते.

कारण आम्हाला 'तयार' मुलं हवीत म्हणजे नक्की काय हवं? अमेडियस हे बुकिंगचं सॉफ्टवेअर यावं, पीएनआर वाचता यावा, भाड्याच्या अटी कळाव्यात. अहो, त्यावर काही आठवड्यांत हात बसतो, शेजारी कुणी बसवून घेतलं तर. तेच आम्ही करत नाही. इंटर्न येतो, त्याला व्हाउचर छापायला आणि बॅगांचे टॅग भरायला बसवतो, वर अनुभवाचं सर्टिफिकेट देतो. सीझनला घ्यायचं, सीझन संपला की नारळ. आणि मग आम्हीच म्हणायचं, हल्लीची मुलं टिकत नाहीत.

कॉलेजवाल्यांनाही सोडत नाही मी. नकाशा आणि घड्याळ घेऊन प्रवासाचा एकेक तास जुळवायला तीन वर्षांत एकदाही बसवू नये? तक्रारीच्या मेलला उत्तर लिहून घेऊ नये? "मला माहीत नाही, बघून सांगते" हे ग्राहकाला न घाबरता सांगणं, हेही शिकवावंच लागतं.

पण बटलर फुकट नाही हं. २०२४ पासून व्हेनिसमध्ये दिवसापुरत्या येणाऱ्यांना ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क पडतं. "हे नवीन काय काढलं?" म्हणून फोनवर तडकलेल्या माणसाला ते का, हे नीट सांगायला तोच आलेख लागतो. तिच्या डोक्यात तो होता, फक्त त्या फोनशी कुणी जोडून दिला नव्हता.

तिला घेतलंय. पहिले दोन आठवडे जुन्या तक्रारींची फाइल वाचायची, एवढंच काम. अकाउंट्सवाले विचारतायत, मॅडम, हिला पगार नक्की कशाचा?