नमनाला घडाभर टॅब

फावल्या वेळात डोक्याला खाद्य पुरवणारी संकेतस्थळं हवी आहेत ना? उत्तम. मग पहिलं पथ्य पाळा: ती शोधत राहा. शोध संपला की वाचायला बसावं लागतं, आणि घोडं तिथेच पेंड खातं. ‘ज्ञान देणारी १०० संकेतस्थळं’ अशी यादी हाती लागली की त्यातलं एकही न उघडता यादी जपून ठेवा आणि तसल्याच दुसऱ्या यादीच्या मागे लागा. दुसरीतली बहुतेक नावं पहिलीतलीच निघतील. खचू नका. आपला अभ्यास योग्य दिशेने चालल्याची ती पावतीच समजा.

उघड्या टॅबांची तर लाजच बाळगू नका. अँड्रॉइड फोनवरच्या क्रोममध्ये टॅब शंभरावर गेले की आकडा जातो आणि त्या जागी कोलन आणि डी मिळून झालेला हसरा चेहरा येतो. मोजणाऱ्याने हात टेकले! याहून वेगळा पदवीदान समारंभ कुठला असतो?

वाचल्यासारखं करायला विकिपीडिया बरा. इंग्रजी विकिपीडियावर कुठलाही लेख उघडा, मजकुरातल्या पहिल्या दुव्यावर टिचकी मारा, पुढच्या लेखात पुन्हा तेच करा. बहुतेक वेळा तुम्ही शेवटी तत्त्वज्ञानाच्या पानावर येऊन थडकता. एक ओळही न वाचता तत्त्वज्ञानापर्यंत पोचवणारी वाट पूर्वीच्या लोकांना कुठली मिळायला! तिथवर आलाच आहात तर १९९५ पासून चालू असलेला स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानकोशही उघडा. लेख त्या त्या विषयातल्या जाणकारांनी लिहिलेले, तपासलेले, वेळोवेळी सुधारलेले असतात. सरळ तळाशी जा, संदर्भांची लांबलचक यादी बघा, मान डोलवा आणि बाहेर पडा.

आता कोर्स. नाव नोंदवणं ही शिक्षणातली सर्वांत सुखाची पायरी. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने २०१२ साली इलेक्ट्रॉनिक सर्किटांवरचा आपला पहिला खुला ऑनलाइन कोर्स चालवला, तेव्हा जगभरातून सुमारे १,५५,००० जणांनी नावं नोंदवली. पास झाले ७,१५७. हा आकडा सांगून लोक हळहळतात, ते का कोण जाणे. उरलेल्या जवळजवळ १,४८,००० माणसांना ‘मी एमआयटीचा कोर्स करतोय’ असं चारचौघांत म्हणायची सोय झाली, हे कुणी बघत नाही.

त्याच एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर तर २,५०० हून जास्त कोर्सचं साहित्य फुकट पडलं आहे आणि नाव नोंदवायचीही गरज नाही. गणिताचे प्राध्यापक गिल्बर्ट स्ट्रँग यांची रेषीय बीजगणितावरची व्याख्यानं जरूर लावा. मात्र जपून. हा माणूस फळ्यावर खडूने लिहिता लिहिता मध्येच थांबतो, आणि तो थांबला की समोरचा विचार करायला लागतो. तेव्हा वेग दुप्पट ठेवा. व्याख्यानांच्या शेजारी गृहपाठाचा दुवा असतो, तो दिसलाच नाही असं समजा.

खरी भीती आहे ती साध्यासुध्या दिसणाऱ्या जागांची. प्रोजेक्ट ऑयलर घ्या. २००१ पासून चालू आहे. व्हिडिओ नाही, पार्श्वसंगीत नाही, नुसती गणितं, एकाखाली एक. पहिलंच असं: १० पेक्षा लहान संख्यांपैकी ३ किंवा ५ ने भाग जाणाऱ्या संख्या म्हणजे ३, ५, ६ आणि ९, त्यांची बेरीज २३. तर मग १,००० पेक्षा लहान अशा सगळ्या संख्यांची बेरीज किती? हा तर पोरखेळ, असं तुम्हाला वाटतं. ३ च्या पटींची बेरीज १,६६,८३३. ५ च्या पटींची ९९,५००. एकूण २,६६,३३३. ठोकून देता, आणि पान म्हणतं: चूक. का चूक, ते सांगत नाही.

टॅब बंद करायचा तो इथे. पण नाही होत. दात घासताना आकडे डोक्यात घोळतात, अंथरुणावर पडल्यावरही घोळतात, आणि मग अचानक १५ समोर येऊन उभा राहतो. त्याला ३ नेही भाग जातो आणि ५ नेही! म्हणजे तो दोनदा धरला. ३० पण. ४५ पण. ते सगळे एकेकदा वजा केले की उत्तर जुळतं. आता हिशेब करा: संध्याकाळ गेली, झोप गेली, हातात प्रमाणपत्र नाही, ग्रुपवर टाकायला फोटो नाही, आणि वर एक गोष्ट नीट समजली ती समजलीच. खाली दुसरं गणित उभं असतंच. अशी ९०० हून जास्त आहेत.

पूर्णांकांच्या मालिकांचा ऑनलाइन कोशही याच माळेतला मणी. गणितज्ञ नील स्लोन यांनी १९६४ मध्ये मालिका जमवायला सुरुवात केली, त्याचा आता एवढा पसारा झाला आहे. तिथे १, २, ५, १४, ४२ टाकलंत की कोश म्हणतो, या कॅटलान संख्या: बहुभुजाचे त्रिकोणांत तुकडे किती प्रकारे पडतात ते याच सांगतात, आणि कंसांच्या जोड्या किती प्रकारे बरोबर जुळतात तेही याच. दोन्हींचं उत्तर एकच कसं, हा प्रश्न पडायच्या आत उठा.

गॅलेक्सी झूच्या तर वाटेलाच जाऊ नका. खगोलशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये दीर्घिकांचे लाखो फोटो सर्वसामान्य लोकांपुढे ठेवले आणि विचारलं, ही सर्पिल की लंबवर्तुळाकार? हॅनी फान आर्केल ही डच शाळाशिक्षिका. फोटो चाळता चाळता तिला एका दीर्घिकेशेजारी चमत्कारिक डाग दिसला, आणि हे काय आहे म्हणून ती विचारून बसली. तज्ज्ञांनाही सांगता येईना. पुढे हबल दुर्बिणीनेही त्या डागाचे फोटो घेतले, आणि तो आज तिच्या नावाने ओळखला जातो. विरंगुळ्याला म्हणून आलेल्या बाईवर काय ही वेळ!

एवढं जपूनही चुकून काही शिकलात तर घाबरू नका. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग छापले. पाठ केलेले निरर्थक अक्षरगट पहिल्या काही तासांतच भराभर पुसले जातात, असं त्यांना दिसलं. अर्थ असलेल्या गोष्टी जरा चिवट असतात, पण हळूहळू त्याही जातात. फक्त पान मिटून ‘आत्ता काय वाचलं बरं?’ असं स्वतःला विचारू नका. आठवून पाहिलं की ते पक्कं बसतं. आणि चार दिवसांनी त्याच पानावर पुन्हा जाऊ नका. जायची हुक्की आलीच तर बुकमार्क करून ठेवा. तिथे गेलेलं पान सहसा परत दिसत नाही.