‘140 कोटींत 11 मिळेनात?’ या फॉरवर्डला उत्तर

बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. म्हणणं असं: 140 कोटींत फुटबॉलचे 11 खेळाडू मिळत नाहीत ही शरम, 1950चा वर्ल्ड कप बूट नसल्यानं हुकला, क्रिकेटनं फुटबॉल गिळला, आता परदेशात वाढलेली भारतीय वंशाची मुलं आणि गोरा कोच आणा, चार वर्षांत वर्ल्ड कप खेळू. त्यामागची चिडचिड समजते. ऑक्टोबर 2025 मध्ये सिंगापूरनं गोव्यात येऊन 2-1 नं हरवलं, आशियाई कपची वाट बंद झाली, आणि पुढच्याच महिन्यात ढाक्यात बांगलादेशाकडूनही हरलो. पण उपाय सगळे वरच्या मजल्याचे सुचवलेत.

140 कोटींचं म्हणाल, तर डोकी मोजून संघ उभा राहत नाही. 2017 च्या 17 वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये आपल्या 21 जणांत आठ मणिपूरचे होते. मणिपूरची वस्ती 2011 च्या जनगणनेत साडेअठ्ठावीस लाखांच्या आसपास, गुजरातच्या विसाव्या हिश्श्याइतकीसुद्धा नाही.

बुटांची गोष्ट एकदाची निकालात काढू. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्येही आपले बरेच खेळाडू अनवाणीच उतरले होते (युगोस्लाव्हियाकडून 10-1 मार खाल्ला, ते वेगळं). तेव्हाचे कप्तान शैलेन मन्ना यांनीच पुढे सांगितलं की त्या काळी ऑलिंपिक हेच सर्वस्व होतं. म्हणजे वर्ल्ड कप बुटांपायी हुकला नाही.

क्रिकेटला दोष देणं तर बडोदेकराला शोभतच नाही. हजारे, किरण मोरे, पठाण बंधू, पंड्या बंधू या गावानं दिले, ते काय नुसत्या हौसेवर? 16 वर्षांखालील विजय मर्चंट, 19 वर्षांखालील कूचबिहार, मग रणजी. पोराची पुढची पायरी कुठली, हे मोतीबाग क्रिकेट मैदानाबाहेर स्कूटर लावून उभ्या असलेल्या बापालाही तोंडपाठ असतं. फुटबॉलवाल्या तेरा वर्षांच्या पोराचं काय? शाळेचा संघ सुब्रतो कप या शालेय स्पर्धेला जिल्ह्यात उतरतो. सामने बाद पद्धतीचे. पहिलाच हरला की जर्सी धुऊन पीटीच्या सरांकडे जमा, बॉल कपाटात. काय चुकलं ते सुधारायला पुढची मॅचच नाही, थेट पुढचं वर्ष. क्रिकेटनं हे केलेलं नाही. ही जागा फुटबॉलवाल्यांनीच रिकामी ठेवली. माझ्या मते संघाची खरी दुखणी इथं आहेत. या पोराला वर्षाला तीस मॅचेस मिळाल्या तर निम्मा फॉरवर्ड आपोआप बाद होईल.

आता परदेशी वंशाची मुलं. यात तथ्य अजिबात नाही असं नाही. दीड लाख वस्तीचं कुरासाओ हे कॅरिबियन बेट नेदरलँड्समध्ये वाढलेल्या पोरांच्या जोरावर 2026 च्या वर्ल्ड कपपर्यंत पोचलं. पण तिथं दोन्हीकडे पासपोर्ट एकच, डच. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही आणि परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर देशाची जर्सी मिळत नाही. रायन विल्यम्सनं त्यासाठी ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडलं, त्याआधी इझुमी अरातानं जपानचं. युरोपात बरं चाललेल्या पंचविशीतल्या किती पोरांकडून ही अपेक्षा ठेवायची?

गोरा कोच? हॉटन, कोव्हरमन्स, कॉन्स्टंटाइन, स्टिमाच, मार्केझ ही सगळी परदेशी मंडळी 2002 पासून आलेलीच. आणि 1951 व 1962 ची एशियाडची सुवर्णपदकं कुणाच्या हाताखाली आली? हैदराबादचे शाळामास्तर सय्यद अब्दुल रहीम.

राहिली चार वर्षं. उझबेकिस्तान 2026 ला पहिल्यांदाच वर्ल्ड कपला पात्र ठरलं, पण त्यांची 16 वर्षांखालील पोरं 2012 मध्येच आशियाई विजेती झाली होती, आणि 20 वर्षांखालील 2023 मध्ये. आपणही एक धागा पकडला होता: 2017 च्या पोरांना इंडियन अ‍ॅरोज या नावानं एकत्र ठेवून थोरांच्या आय-लीग या देशव्यापी स्पर्धेत खेळवलं. हरायचे बरेच, पण खेळायचे. 2022 मध्ये फुटबॉल महासंघानं तो संघच बंद केला.