नाउरूच्या ऱ्हासाची सोपी गोष्ट आणि तिच्यातून गाळलेला इतिहास

‘नाउरू हा एके काळी जगातला सर्वांत श्रीमंत देश होता, फॉस्फेटच्या आयत्या पैशाने तिथले लोक आळशी झाले, त्यांनी महागड्या गाड्या उडवल्या, आपलेच बेट खणून संपवले आणि आता ते समुद्रात बुडत आहे,’ असा मजकूर मोबाइलवर फिरत असतो आणि त्याच्या शेवटी बहुधा मोफत योजनांविरुद्ध उपदेश असतो. मोफत योजनांवर वाद जरूर घालावा. पण त्यासाठी प्रशांत महासागरातल्या 21 चौरस किलोमीटरच्या देशाला साक्षीला बोलावायचे, तर त्याची साक्ष पूर्ण ऐकून घ्यायला हवी.

‘आपलेच बेट खणले’ हे यातले सर्वाधिक दिशाभूल करणारे विधान. खतासाठी लागणाऱ्या फॉस्फेट या खनिजाचे खाणकाम सुरू झाले ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, बेट जर्मनीच्या ताब्यात असताना, आणि ते केले एका ब्रिटिश कंपनीने. जमीनमालकांच्या हाती सुरुवातीला टनामागे अर्धी पेनी पडे. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि न्यूझीलंड यांनी मिळून ही खाण विकत घेतली आणि तिथले फॉस्फेट बाजारभावापेक्षा स्वस्तात आपापल्या शेतकऱ्यांना पुरवले. दुसऱ्या महायुद्धात जपानने सुमारे 1,200 नाउरूवासीयांना प्रशांत महासागरातल्याच ट्रुक बेटांवर नेले. त्यांपैकी 737 जण 31 जानेवारी 1946 रोजी परतले, आणि 1968 मध्ये स्वातंत्र्यासाठी मुद्दाम तीच तारीख निवडली गेली. खाणीने बेट ओसाड होणार, हे बेटाचा कारभार पाहणारे ऑस्ट्रेलियन राज्यकर्ते जाणून होते. म्हणूनच 1960च्या दशकात ऑस्ट्रेलियाने साऱ्या नाउरूवासीयांना क्वीन्सलंडजवळच्या कर्टिस बेटावर वसवण्याचा प्रस्ताव मांडला. तिथे सार्वभौमत्व मिळणार नसल्याने तो नाकारण्यात आला. पुढे 1989 मध्ये खणून ओसाड केलेल्या जमिनीच्या भरपाईसाठी नाउरूने ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले आणि 1993च्या तडजोडीत ऑस्ट्रेलियाने 10.7 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचे मान्य केले. हा दावा खणलेल्या जमिनीपैकी साधारण एक तृतीयांश भागापुरताच होता, कारण उरलेले उत्खनन स्वतंत्र नाउरूच्या सरकारने चालू ठेवले. तो दोष मात्र त्याच्याच पदरात टाकावा लागेल.

श्रीमंतीचा दावा निराधार नाही. 1970च्या दशकात दरडोई उत्पन्नात नाउरू जगातल्या अग्रगण्य देशांत होता; पण काही हजार लोकसंख्येच्या देशात एकाच खनिजाच्या भावावर ही सरासरी चढते आणि तशीच कोसळते.

पैसा गाड्यांत गेला, हे तर हिशेबातच बसत नाही. किनाऱ्यालगतचा मुख्य रस्ता सुमारे 19 किलोमीटरचा; त्यावर कितीही गाड्या धावल्या तरी राष्ट्रीय निधी रिकामा होत नाही. खनिज संपणार हे ओळखून सरकारने न्यासामार्फत परदेशांत गुंतवणूक केली होती. मेलबर्नची 52 मजली इमारत हे त्याचे ठळक उदाहरण, आणि भारतीय वाचकांना क्वचितच ठाऊक असते की ओडिशातील पारादीप फॉस्फेट्स ही कंपनी 1981 मध्ये भारत सरकार आणि नाउरू यांच्या भागीदारीतून उभी राहिली. बुडाले ते तोट्यातली विमानसेवा, लंडनच्या रंगभूमीवर आपटलेली एक संगीतिका, भोंगळ सल्लागार आणि मालमत्ता तारण ठेवून काढलेली कर्जे यांत. हे मूठभर निर्णयकर्त्यांचे अपयश आहे. कोळ्याने किंवा शिक्षिकेने ते कोणत्या आळसापायी ओढवून घेतले, हे त्या मजकुरात सांगितलेले नसते.

लठ्ठपणा आणि मधुमेहाचे प्रमाण तिथे खरोखरच मोठे आहे. मात्र मधल्या पठारावरची माती खणून नेल्यावर शेतीला जागा उरली नाही आणि डबाबंद, जहाजाने येणाऱ्या अन्नावर जगणे भाग पडले, हे कारण सोडून केवळ स्वभावावर बोट ठेवणे सोयीचे असले तरी प्रामाणिक नाही.

राहिला ‘बुडण्याचा’ मुद्दा. नाउरू हे तुवालूसारखे सपाट प्रवाळबेट नाही. ते समुद्रातून वर उचलले गेलेले प्रवाळबेट असून त्याचा सर्वोच्च भाग 60 मीटरहून उंच आहे. धोका आहे तो किनाऱ्यावरच्या अरुंद पट्टीला, जिथे बहुतेक सगळी वस्ती, विमानतळ आणि सरकारी कचेऱ्या आहेत. उंचावर सरकायचे म्हटले, तर ते पठारच चुनखडीच्या टोकदार सुळक्यांचे रान होऊन बसले आहे. ते सपाट करून तिथे वस्ती हलवण्याची योजना सरकारने आता हाती घेतली आहे, आणि तिचा खर्च मुख्यतः ट्यूना मासेमारीचे परवाने व ऑस्ट्रेलियाकडून मिळणारा पैसा यांवर जगणाऱ्या त्या देशाला एकट्याने पेलणारा नाही.