‘सीई आहे, मग आफ्रिका मोकळी’ हा मेसेज पुढे पाठवू नका

छोट्या निर्यातदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: राउटर, जीपीएस ट्रॅकर, वॉकीटॉकी, स्मार्ट मीटर असा बिनतारी माल आफ्रिकेत पाठवायला युरोपचा सीई मार्क आणि आपल्याकडच्या दूरसंचार खात्यातल्या डब्ल्यूपीसी या विभागाचा ईटीए, म्हणजे उपकरणाची मान्यता, पुरतो. आत मंजूर मॉड्यूल, म्हणजे आधीच मान्यता मिळालेला तयार रेडिओ भाग, असेल तर तेवढंही नको. एका देशाची मंजुरी आफ्रिकी देशांमधल्या मुक्त व्यापार करारामुळे खंडभर चालते. कस्टम्सने माल सोडला की विषय संपला. आणि त्याउपर काही लागलंच, तर ते आयातदार बघेल. पुणे-नाशिककडचे छोटे उत्पादक यावर विसंबून ऑर्डरी घेतात, म्हणून यातला एकेक दावा तपासायला हवा.

आधी सीई. तो मार्क युरोपीय बाजारासाठी आहे आणि बहुतेक रेडिओ उपकरणांच्या बाबतीत उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर तो लावतो. ईटीए ही भारत सरकारची भारतापुरती मान्यता. केनियात कम्युनिकेशन्स अथॉरिटी, नायजेरियात एनसीसी, दक्षिण आफ्रिकेत इकासा, घानात एनसीए हे दूरसंचार नियामक आपापलं टाइप अप्रूव्हल, म्हणजे त्या मॉडेलला मंजुरी, देतात, आणि तिथे त्यालाच किंमत आहे. मेसेजमध्ये खऱ्याचा अंश आहे तो एवढाच, की सीईसाठी केलेल्या चाचण्या वाया जात नाहीत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने रेडिओ लहरींसाठी केलेल्या जगाच्या विभागणीत युरोप आणि आफ्रिका दोन्ही विभाग 1 मध्ये येतात. त्यामुळे आयएसओ 17025 मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचे, युरोपीय मानकांवरचे अहवाल अनेक आफ्रिकी नियामक अर्जासोबत घेतात. पण अहवाल हे अर्जाला जोडायचं कागदपत्र आहे, मंजुरी नव्हे.

भारत विभाग 3 मध्ये आहे, आणि हा फरक फक्त कागदावरचा नाही. 865 ते 868 मेगाहर्ट्‌झ हा पट्टा आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येतो आणि त्यात 4 वॅटपर्यंत प्रभावी विकिरण शक्तीला (अँटेनाचा परिणाम धरून बाहेर पडणाऱ्या ताकदीला) मुभा आहे. युरोपात याच पट्ट्यातल्या सर्वसाधारण लघुपल्ल्याच्या उपकरणांची मर्यादा 25 मिलीवॅट आहे. आफ्रिकेतले बरेच नियामक युरोपीय मर्यादांच्या जवळ राहतात. म्हणजे भारतात पूर्ण कायदेशीर असलेला मीटर तिथे नापास होऊ शकतो, त्यात एकही दोष नसताना. अमेरिकेसाठी बनवलेल्या मालाचं तर विचारूच नका. त्यांचा 902 ते 928 मेगाहर्ट्‌झचा मुक्त पट्टा आफ्रिकेतल्या 900 मेगाहर्ट्‌झच्या मोबाइल सेवेवर चढतो. मोबाइलकडून टॉवरकडे जाणारे संदेश 915 पर्यंत असतात आणि टॉवरकडून येणारे 925 पासून सुरू होतात. असं उपकरण लोकांच्या फोनसेवेत अडथळा आणू शकतं. नियामक अडून बसतो तो यासाठी, आणि मला तो योग्यच वाटतो.

मॉड्यूलचं लवकर उरकतो. मंजूर मॉड्यूलचे अहवाल कामी येतात, खर्च वाचतो. पण अनेक देशांत मंजुरी तुमच्या नावाच्या, तुमच्या मॉडेल क्रमांकाच्या तयार वस्तूला लागते. अँटेना बदलला तर मूळ अहवालही जसाच्या तसा लागू राहत नाही.

मुक्त व्यापार कराराखाली व्यापार 1 जानेवारी 2021 ला सुरू झाला. मानकं आणि तपासण्या एकमेकांना मान्य व्हाव्यात अशी त्याची दिशा जरूर आहे. पूर्व आफ्रिकेत ईएको, दक्षिणेत क्रासा या नियामकांच्या संघटनाही नियम जवळ आणायचं काम करतात. प्रमाणपत्र मात्र अजून देशागणिक आहे. केनियाचं घेऊन टांझानियात गेलात तर तिथल्या टीसीआरए या नियामकापुढे नवा अर्ज करावा लागतो.

त्यातही एका देशात एकच खिडकी असेल असं समजू नका. केनियाचा मानक विभाग, केब्स, 2005 पासून माल निघण्याआधीच तपासणीचं प्रमाणपत्र मागतो. ते न्हावा शेवाला कंटेनर चढण्याआधी हातात हवं, मोंबासाला पोचल्यावर धावपळ करून उपयोग नाही. नायजेरियात एनसीसीखेरीज तिथल्या मानक संस्थेचं सॉनकॅप हे प्रमाणपत्र आहे. दक्षिण आफ्रिकेत विद्युत सुरक्षेसाठी एनआरसीएस या वेगळ्या नियामकाचं अधिकारपत्र वेगळं लागतं.

‘कस्टम्सने सोडलं की संपलं’ हे तर कायद्याच्या शब्दांनीच खोटं ठरतं. दक्षिण आफ्रिकेच्या 2005 च्या इलेक्ट्रॉनिक कम्युनिकेशन्स कायद्याच्या कलम 35 मध्ये मंजुरीशिवाय वापरणं, पुरवणं, विकणं, भाड्याने देणं सगळंच मना आहे. बंदरातून माल निसटला तरी तो प्रत्येक दुकानात, प्रत्येक ग्राहकाकडे बेकायदेशीरच असतो. विकलेल्या वस्तूपर्यंत सरकार पोचत नाही असंही नाही: केनियाने 2012 मध्ये आणि टांझानियाने जून 2016 मध्ये बनावट हँडसेट नेटवर्कवरूनच बंद केले. तो विषय बनावट फोनांचा होता, पण हात किती लांब पोचतो ते त्यातून दिसतं.

राहिला आयातदार. मला हा सल्ला सर्वांत घातक वाटतो. अनेक देशांत अर्ज स्थानिक कंपनीच्या किंवा प्रतिनिधीच्या नावे करावा लागतो, त्यामुळे त्याच्यावर सोपवणं सोयीचं दिसतं. मग प्रमाणपत्र त्याच्या नावाचं होतं. दोन वर्षांनी त्याने पैसे थकवले आणि तुम्ही दुसरा वितरक शोधलात, तर नवा वितरक पुन्हा शून्यापासून सुरू करतो आणि जुना तोवर तुमच्याच मालावर बाजार अडवून बसतो. शिवाय अर्जाला लागणारे सर्किटचे आराखडे, अहवाल, नमुने हे सगळं तुमच्याकडूनच जाणार असतं. म्हणून शक्य तिथे वितरकापासून स्वतंत्र असा स्थानिक प्रतिनिधी नेमून त्याच्याकडून अर्ज करवून घ्या. ते जमत नसेल तर प्रमाणपत्र कोणाच्या नावे, शुल्क कोणाचं, नूतनीकरण कोण करणार आणि करार तुटला तर हस्तांतर कसं, हे प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (विक्रीआधीचं कच्चं बिल) पाठवण्याआधी लिहून घ्या. मंजुरी हातात येईपर्यंत माल रवाना करण्याची तारीख कबूल करू नका. लेबलवर कोणता मजकूर छापायचा हेही त्याच वेळी विचारा. नायजेरियात वापराला एनसीसीची परवानगी असल्याचं वाक्य उपकरणावर लागतं, आणि तयार झालेल्या हजार डब्यांवर ते नंतर चिकटवत बसणं कारखानदाराला परवडत नाही.