टिन, स्लॅब अन् कवेलू: मानेवाड्याच्या काकांच्या कॉमेंटवर

काका, छतावरून गोळा केलेल्या पावसाच्या पाण्यावर मी लिहिलं, त्यावरची तुमची कॉमेंट मोठी होती म्हणून उत्तरही मोठंच देतो. तुमचं म्हणणं दोन गोष्टींचं. एक, पावसाचं पाणी मुळातच शुद्ध, छत कशाचं आहे यानं काही फरक पडत नाही, मी उगाच लोकांना भेव दाखवून राहिलो. दोन, टिनावरचं पाणी खराब अन् स्लॅबवरचं चांगलं, कारण सिमेंटातून पाण्यात काय उतरणार. (फरकच पडत नाही तर टिन खराब कसं, पण जाऊ द्या.)

पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच, अन् हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ते थोडं आंबट होते, पीएच (आंबटपणाचं माप, 7 च्या खाली म्हणजे आंबट) 5.6 च्या आसपास. असं पाणी ज्याच्यावरून वाहते त्यातलं थोडंफार सोबत घेऊन जाते. जीआय टिनावरून जस्त येते, कारण त्यावर थरच जस्ताचा. सिमेंटातूनही उतरतेच, चुना उतरतो अन् पीएच वर जाते, फक्त त्याचा आपल्याला त्रास नाही. इथपर्यंत तुमचं बरोबर धरू.

पण तुमच्या गच्चीवर सिमेंट उघडं आहे कुठं? तुम्हीच लिहिलं की गळत होतं म्हणून डांबराचा कोट मारून घेतला. मग पाणी सिमेंटला लागतच नाही ना, ते डांबराला लागते, अन् नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की तो काळा थर मऊ पडतो, नंतर तडकतो, त्याचे पापुद्रे निघतात अन् जूनमध्ये तेच पाइपातून खाली. डांबरी आवरणातून पाण्यात सेंद्रिय पदार्थ उतरतात, त्यात पीएएच जातीचेही (डांबरात असणारे, त्यातले काही कॅन्सरला कारण ठरणारे) असू शकतात, अन् ते उकळून जातील या भरवशावर राहू नका. म्हणून मी लिहिलं होतं की छत कशाचं यापेक्षा वरचा कोट कशाचा ते विचारा.

आता टिन. दुपारी तीनला हात ठेवून पाहा, ठेवता येत नाही. त्या तापमानात अन् उन्हात जंतू फार टिकत नाहीत, वरून टिन गुळगुळीत, घाण लवकर धुऊन जाते. टेक्सास विद्यापीठाच्या लोकांनी वेगवेगळ्या छतांचं पाणी तपासलं तेव्हा विष्ठेतून येणारे जंतू धातूच्या छतावर कमी निघाले. जस्ताचं म्हणाल तर आपल्या आयएस 10500 मध्ये (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) लिटरला 5 मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसला तर 15 पर्यंत चालते, अन् जास्त झालं तर पाणी तुरट लागते, जिभेलाच कळते. शिशाची मर्यादा मात्र 0.01, तिथं सूट नाही, अन् त्याची चवही कळत नाही. म्हणून जुन्या टिनावर जुना ऑइलपेंट असेल तर मी ते पाणी पिणार नाही. रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 मध्ये लागू झाली, त्याआधीच्या डब्याचं कोण सांगणार.

कवेलूवर (कौलांवर) शेवाळ, सांदीत माती, मांजरीचा मुक्काम, तेव्हा ते पाणी बाग, धुणं, विहिरीचं रिचार्ज एवढंच. ॲस्बेस्टॉसच्या पत्र्याचा पक्का धोका श्वासातून आहे, पिण्यातून असल्याचा ठोस पुरावा नाही, पण बाप्पा, तो पत्रा तारेच्या ब्रशनं घासू नका.

अन् छतावर साचलेलं वेगळंच. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांकडची राख, कबुतरांची घाण, कडुनिंबाचा पाला. त्यासाठी पहिला एक मिलिमीटर पाऊस सोडून द्यायचा, हजार चौरस फुटाच्या गच्चीला तो 93 लिटर होते, म्हणजे 200 लिटरच्या अर्ध्या ड्रमाच्या वर नाही. मधात आठ-दहा दिवस उघडीप झाली की पुन्हा सोडा, फक्त जूनमध्ये सोडून भागत नाही.

तुमचं पाणी बोअरमध्ये सोडायचं आहे की प्यायचं, ते कॉमेंटमध्ये लिहिलंच नाही. प्यायचं असेल तर त्या कोटाच्या डब्यावरचं लेबल पाहून सांगा, पिण्याच्या पाण्यासाठी चालते असं त्यावर लिहिलं आहे का.