चित्रकाराला पैसे न देण्याची रीत

इंदुरात नवे उपाहारगृह, दवाखाना, शिकवणी वर्ग, फार काय केस कापण्याचे दुकान काढणाऱ्यालाही आता एक रंगवलेली भिंत लागते, कारण भिंतीशिवाय गिऱ्हाईक सेल्फी काढत नाही आणि सेल्फीशिवाय धंदा चालत नाही, असे इंटिरियरवाल्याने त्याच्या मनावर बिंबवलेले असते. फरशी, वातानुकूलन आणि स्वयंपाकघरातली चिमणी यांची बिले चुकती झाल्यावर ही भिंत शिल्लक राहते, पैसे मात्र राहत नाहीत. अशा वेळी चित्रकाराकडून फुकटात, किंवा फुकटाच्या जवळपास, काम कसे करून घ्यावे याचे बरेच ज्ञान आमच्या शहरात आहे. पण ते विखुरलेले असल्यामुळे नवख्या उद्योजकांची गैरसोय होते. ती दूर व्हावी म्हणून हा प्रपंच.

प्रारंभ चौरस फुटापासून करावा. चित्रकार विषय, रचना, उजेड कोणत्या बाजूने येतो वगैरे बोलू लागला की त्याला मध्येच थांबवून "ते सगळे ठीक, फुटाचा भाव काय?" असे विचारावे. स्वच्छतेत शहराचा पहिला क्रमांक २०१७ पासून येऊ लागला तेव्हापासून आपल्याकडे पुलाचे खांब, कंपाउंडच्या भिंती आणि कचरा गोळा करण्याच्या जागासुद्धा चित्रांनी भरून गेल्या आहेत. तेव्हा "ते तर याच्या निम्म्यात करतात" हे वाक्य, ते म्हणजे कोण हे ठाऊक नसतानाही, बेधडक फेकता येते. चित्रकार कुरकुरला तर विख्यात चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांचे उदाहरण द्यावे. तेही उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाची पोस्टरे फुटाला काही आणे या दरानेच रंगवत असत, आणि आज बघा!

आज बघा म्हणजे काय, हेही पाठ असू द्यावे. त्यांनी १९५४ मध्ये रंगवलेले एक चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले. हुसेन इंदूरच्या कलाशाळेत काही काळ शिकले होते, त्यामुळे या रकमेचा अभिमान बाळगण्याचा प्रत्येक इंदूरकराला अधिकार आहे. ते २०११ मध्येच वारले आणि त्या ११८ कोटींतला रुपयाही त्यांनी पाहिला नाही, हा तपशील सांगण्याची आवश्यकता नाही. मूळ चित्राची पुनर्विक्री दहा हजारांहून अधिक किमतीला झाली तर चित्रकाराला त्यातला वाटा मिळावा, असे आपल्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५३अ म्हणते. परंतु त्यातून काही मिळालेला चित्रकार मला अजून भेटायचा आहे, तेव्हा तुम्हीही निर्धास्त असावे.

चित्रकार मराठी निघाला, तर निम्मे काम झालेच म्हणून समजा. त्याचे घर रामबागेत की लोकमान्यनगरात, आडनाव मूळचे कोकणातले की देशावरचे, हे विचारत विचारत कुठेतरी नाते लावावे. लांबचे लागले तरी पुरते. एकदा तो "आपलाच माणूस" ठरला की पैशाचा विषय काढणे हा त्याचा असभ्यपणा ठरतो.

आगाऊ रक्कम मागितल्यास दुखावल्यासारखा चेहरा करावा.

टीडीएस, म्हणजे बिलातून आधीच कापायचा कर, मात्र न चुकता कापावा. तो पुढे सरकारकडे भरलाच पाहिजे असे नाही.

परंपरेचा दाखला द्यायचा झाल्यास आपल्या शहराचा इतिहास अत्यंत उपयोगी आहे. चित्रकार देवळालीकरांनी १९२७ मध्ये इथे कलाशाळा उभी केली आणि बेंद्रे, विष्णू चिंचाळकर यांच्यासारखे चित्रकार तिथे घडले, हे उद्घाटनाच्या भाषणात अवश्य यावे. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी पॅरिसचे शिल्पकार ब्रांकुशी यांच्याकडून पक्ष्याची शिल्पे विकत घेतली आणि त्या शिल्पांसाठी एक ध्यानमंदिर योजले. त्या कामासाठी ब्रांकुशी स्वतः इंदूरला येऊन गेले, पण मंदिर काही झाले नाही. म्हणजे इंदूरहून काम न होता परतलेल्या कलावंतांची यादी बरीच प्रतिष्ठित आहे. (महाराजांनी शिल्पांचे पैसे दिले होते, हा फरक गौण समजावा.) ज्या माणिकबाग महालासाठी त्यांनी युरोपातून एवढी कला जमवली, तिथे आज केंद्रीय कर खात्याचे कार्यालय आहे. कलेचे अखेर काय होते, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे रेखाटने. ती कमीत कमी तीन मागवावीत, रंगीत मागवावीत आणि "नुसती कल्पना यावी म्हणून" मागवावीत, म्हणजे त्यांचे पैसे द्यावे लागत नाहीत. रेखाटन हे चित्र नव्हेच, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात विचार करण्याचे सारे काम तिथेच संपते आणि भिंतीवर उरते ती मजुरी. ही रेखाटने हाती आली की पुढचा मार्ग मला अलीकडेच एका उपाहारगृहाच्या तरुण मालकाने दाखवला, आणि तो इतका सोपा आहे की इतक्या वर्षांत कुणाला कसा सुचला नाही याचे आश्चर्य वाटते. त्याच्या पहिल्या जागेत मी सराफ्यातली, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या आपल्या सराफ बाजारातली, रात्र रंगवली होती. पुट्टीत ओल राहिली होती म्हणून ती खरवडून पुन्हा लावण्यापासून सगळे मीच केले, आणि त्याचे अर्धे पैसे आजही "मार्च संपू द्या"वर अडलेले आहेत. तो मार्च कधीचा संपला. गेल्या महिन्यात त्याच्या दुसऱ्या शाखेचे निमंत्रण आले, मी गेलो, आणि तिथल्या भिंतीवर माझे नाकारलेले रेखाटन विनाइलवर, म्हणजे प्लास्टिकच्या चिकट कागदावर, छापून चिकटवलेले पाहिले. नाकारलेले! "यात जान नाही, काका," असे म्हणून परत पाठवलेले. मोबाइलमधल्या कुठल्याशा एआयला ते खाऊ घालून त्यात जान आणण्यात आली होती. माझ्या चित्रातल्या होळकरांच्या राजवाड्याला सात मजले होते, कारण राजवाड्याला सात मजले आहेत. विनाइलवर नऊ होते. जिलबी पाडणाऱ्या बाईच्या मुठीत मी आवळलेले फडके काढले होते, त्याचा पायमोजा झाला होता. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, जिथे माझी सही असते, तिथे सहीसारखे काहीतरी वळवळत होते, जे जगातल्या कोणत्याच लिपीत नव्हते. यंत्रानेसुद्धा इथे कुणाची तरी सही होती एवढे ओळखले. मालकाने नाही.

मी विचारले, तर तो म्हणाला, "काका, ते तुमचे कुठे आहे? ते तर मशीनने केले आहे." आणि मग माझ्या हातात जिलबीची बशी दिली.

त्या तरुणाला, आणि त्याच्या टाळ्या वाजवणाऱ्या पाहुण्यांना, थोडा कायदा सांगतो. पैसे घेऊन कुणासाठी काढलेल्या चित्राचा पहिला हक्क, उलट करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो, असे कॉपीराइट कायद्याचे कलम १७ म्हणते. पैसे न देणाऱ्याचा असतो, असे ते कुठेही म्हणत नाही. हक्क दुसऱ्याकडे गेला तरी आपले नाव लावण्याचा आणि चित्राची मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे चित्रकाराकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातले भित्तिशिल्प १९७९ मध्ये उखडले गेले आणि ते सरकारविरुद्ध न्यायालयात जिंकले, पण निकाल लागला २००५ मध्ये. नोंदणी केलेल्या लहान व्यावसायिकाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत, उशीर केल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे, असे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सांगतो. सगळे लिहिलेले आहे. पण राहिलेल्या अर्ध्या बिलासाठी वकील कोण करतो? हेच तुम्हाला पक्के ठाऊक असते, आणि तुमचा सगळा धंदा या एका माहितीवर चालतो.

मला यंत्राचा राग नाही, हे नीट समजून घ्या. ते यंत्र नव्हते तेव्हाही तुम्ही हेच करत होता. फक्त माझे रेखाटन तेव्हा दुसऱ्या, अधिक गरजू पोराकडून निम्म्या पैशांत उतरवून घेत होता. फरशीवाल्याला तुम्ही कधी म्हणालात का, की आधी तीन खोल्यांना फुकट फरशी लाव, आवडली तर बघू? आचाऱ्याला म्हणालात का, की पगार नाही, पण तुझे नाव होईल? त्यांना पैसे देता, कारण ते दुसऱ्या दिवशी येणार नाहीत याची भीती वाटते. आम्ही येतो, म्हणून आम्हाला बुडवता. आणि वर संध्याकाळी नाटकाला जाऊन मध्यंतरात "इंदूरची कलेची परंपरा" यावर बोलता, याची लाज वाटली पाहिजे.

ते विनाइल उतरवा आणि राहिलेले बिल भरा. गणेशोत्सव जवळ आला आहे. "काका, मखरामागचा पडदा तेवढा रंगवून द्या" असे फोन सुरू होतील. जरूर करा. रेखाटनाचे पैसे वेगळे, निम्मी रक्कम काम सुरू होण्यापूर्वी, उरलेली पडदा टांगण्याच्या दिवशी, आणि हे सारे आधी कागदावर, सहीनिशी.